शाळेचा अहवाल आणि शाळेचा रस्ता

(मुलींच्या एका माध्यमिक शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक-शिक्षिका, संस्थेचे पदाधिकारी, मागे उभे राहिलेले पालक, आवर्जून आलेल्या माजी विद्यार्थिनी आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलींनो,

आत्ताच बाईंनी वर्षभराचा अहवाल वाचला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलेला सांडपाण्याचा प्रकल्प, कबड्डीचा संघ, आठवीच्या मुलींनी दिलेली एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, मुलींनी स्वतः लिहून काढलेलं मराठी-उर्दू हस्तलिखित, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशी मुलींनीच शिक्षिका होऊन चालवलेली शाळा. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या. या मुलींनी त्या कमावल्या आहेत.

पण अहवालाच्या शेवटच्या पानावरचं एक वाक्य बाईंनी जरा भरभर वाचलं. ‘लांबून येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी रिक्षाची सोय यंदाही सुरू ठेवण्यात आली.’ या वाक्याला टाळ्या पडल्या नाहीत. मला आज त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. कारण माझ्या मते वर्षभरातलं सगळ्यात मोठं काम तेच आहे. विज्ञान प्रदर्शन, कबड्डी, शिष्यवृत्ती हे सगळं मुलगी शाळेत पोचल्यानंतरचं आहे. ती पोचलीच नाही तर कसला प्रकल्प आणि कसली कबड्डी?

मुलींच्या शिक्षणाचा आपल्याकडचा इतिहास बघितला तर एक गोष्ट सारखी समोर येते. वर्गात काय शिकवायचं यावर जितकी भांडणं झाली, त्याहून जास्त भांडणं मुलगी घरातून शाळेपर्यंत जाणार कशी यावर झाली. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगते. ती आपल्या महाराष्ट्रातली नाही, बंगालमधली आहे. पण ऐकल्यावर तुम्हाला ती परकी वाटणार नाही.

रुकय्या सखावत हुसेन यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. बंगालमध्ये त्यांना बेगम रोकेया म्हणतात. जन्म १८८० चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावचा. आज ते गाव बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचं, पण मुलींना शाळा नाही. मोठ्या बहिणीकडून त्या बंगाली शिकल्या, तर मोठ्या भावाने, घरातले झोपल्यावर, रात्री त्यांना इंग्रजी शिकवलं. पुढे त्याच इंग्रजीत त्यांनी ‘सुल्तानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. ती १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात छापून आली. त्या कथेतल्या देशात बायका राज्य चालवतात, विज्ञानाच्या जोरावर सूर्याची उष्णता साठवतात, आणि पुरुष घरात पडद्यात असतात. मुलींनो, ती कथा मिळवून जरूर वाचा. खूप हसाल आणि मग थोडा विचार कराल.

त्यांचे शोहर सय्यद सखावत हुसेन भागलपूरला सरकारी अधिकारी होते. बायकोने शिकावं, लिहावं असं त्यांना मनापासून वाटे. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १०,००० रुपये बाजूला काढून ठेवले होते. १९०९ साली त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी रुकय्यांनी भागलपूरला शाळा सुरू केली. विद्यार्थिनी पाच. पण घरातल्या वादामुळे त्यांना भागलपूर सोडावं लागलं. त्या कलकत्त्याला आल्या आणि १६ मार्च १९११ रोजी वलीउल्लाह लेनमधल्या एका भाड्याच्या घरात पुन्हा शाळा सुरू केली. या वेळी विद्यार्थिनी आठ.

पाच आणि आठ. आपल्या एका बाकावर तीन मुली बसतात. म्हणजे त्यांची अख्खी शाळा तीन बाकांवर मावली असती.

आता प्रश्न असा, की कलकत्त्यासारख्या मोठ्या शहरात आठच मुली का? मुस्लिम घरं कमी होती का? नव्हती. रुकय्या घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करत. पालक दुरावू नयेत म्हणून त्या स्वतःही पडदा पाळत. मुलींना कुराण अर्थासह शिकवू, उर्दू-फारसी शिकवू, शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा शिकवू असं त्या सांगत. इंग्रजी आणि व्यायामही त्या शाळेत होता. शिकवण्याच्या विषयांवर समजूत घालणं एक वेळ जमे. पण त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असे: मुलगी येणार कशी?

म्हणून शाळेलाच वाहनाची सोय करावी लागली. आधी पडदा लावलेली घोडागाडी आणि पुढे मोटार बस. या बसची हकीकत रुकय्यांनी १९३१ साली ‘अवरोधवासिनी’ या त्यांच्या बंगाली पुस्तकात लिहून ठेवली आहे. अवरोध म्हणजे घरातला बंदिवास. तर ही नवी बस पडद्याच्या नावाखाली इतकी बंदिस्त बनवली होती की आत उजेड नाही आणि हवा येण्यापुरती जेमतेम फट. कलकत्त्याचा उकाडा तुम्हाला माहीत नसेल तर मे महिन्यातली आपली पत्र्याची शेड आठवा. पहिल्याच फेऱ्यांत मुली घाबरल्या, ओकल्या, काही बेशुद्ध झाल्या. पालकांच्या तक्रारी आल्या. मग शाळेने फटी मोठ्या केल्या आणि त्यांवर कापडी पडदे लावले. त्यावर दुसऱ्या बाजूने पत्रं आली. वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, ही कसली मुस्लिम शाळा, सुधारणा केली नाही तर वर्तमानपत्रात लिहू, असा त्यांचा सूर होता.

जरा विचार करा. बस बंद ठेवली तर मुली गुदमरतात. उघडली तर धमकीची पत्रं येतात. पत्र लिहिणाऱ्यांचं काही बिघडत नव्हतं. मोठ्यांच्या या वादात ज्यांचं काही बिघडत होतं त्या आतल्या मुली होत्या आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

रुकय्यांनी काय केलं? त्या पत्रांवर चिडून शाळा बंद केली नाही आणि पत्रांना घाबरून मुलींना घरीही बसवलं नाही. बस चालू ठेवली. १९१५ पर्यंत आठाच्या ८४ मुली झाल्या होत्या. जागा अपुरी पडली म्हणून शाळा मोठ्या घरात हलवली. १९१७ ला ती मिडल स्कूल झाली आणि १९३१ पर्यंत हायस्कूल. ९ डिसेंबर १९३२ ला रुकय्या गेल्या. ती शाळा मात्र आजही कलकत्त्यात सरकारी मुलींचं हायस्कूल म्हणून उभी आहे. सखावत मेमोरियल हे नाव कायम आहे. आठपासून हायस्कूलपर्यंतचा हा वीस वर्षांचा हिशेब मांडताना लोक रुकय्यांच्या लिखाणाबद्दल बोलतात, त्यांच्या धाडसाबद्दल बोलतात. मी म्हणेन, रोज सकाळी निघालेली ती बस पण त्या हिशेबात धरा.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंची कुठली गोष्ट तुम्हाला सगळ्यात आधी आठवते? मी कुठल्याही शाळेत विचारलं तरी मुली हेच सांगतात, की त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला आणि त्या पिशवीत दुसरं लुगडं ठेवत. ही गोष्ट वर्गातली आहे का? ती रस्त्यावरची आहे. विरोध करणाऱ्यांनाही कळत होतं की शाळा बंद पाडायची तर फळा फोडायची गरज नाही, रस्ता नकोसा केला की पुरे.

आणि फातिमा शेख. त्यांच्याबद्दल लेखी पुरावा थोडा आहे, म्हणून जे आहे ते नीट जपून सांगायला हवं. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या फातिमेची आठवण काढतात. आपण नसल्यामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. एवढीशी नोंद. पण त्या नोंदीत मला एका शाळेचा अख्खा दिवस दिसतो. एक बाई आजारी आहे, दुसरी तिचं काम ओढते आहे आणि मुलींची शाळा चालू आहे. अशी कामं अहवालात येत नाहीत. आपल्याकडेसुद्धा पाऊस पडत असताना शेवटची मुलगी रिक्षात बसेपर्यंत फाटकाशी थांबणाऱ्या मावशी अहवालात नाहीत. त्यांचं नाव मी बाईंना विचारून घेतलं नाही, पण त्या मागे उभ्या आहेत. सगळ्यांनी वळून त्यांना सलाम करा.

आता आजचं बोलू.

आपल्याबद्दल एक समज पसरलेला आहे की मुस्लिम पालकांना मुलींना शिकवायचंच नसतं, त्यांना मदरसा पुरे असतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हा समज आकड्यांनी खोडला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं सुमारे ३ टक्केच निघाली. मग मुली मध्येच का गळतात? समितीने दिलेली कारणं अगदी साधी आहेत: जवळ मुलींची शाळा नाही, वसतिगृह नाही, शिक्षिका नाहीत. म्हणजे पुन्हा अंतराचाच प्रश्न.

आपल्या भागात हे कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. शिक्षणहक्क कायदाही वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच हात देतो. नववीला तालुक्याला जायचं. सकाळची एसटी सव्वासहाला, ती चुकली की दुसरी साडेदहाला. संध्याकाळी घरी यायला अंधार. भाऊ कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो. बहिणीला ते चालत नाही. अम्मी म्हणते, ‘शिकायला ना नाही, पण येण्याजाण्याचं काय?’ अब्बा काही बोलत नाहीत. जूनमध्ये दाखला काढला जातो आणि दिवाळीपर्यंत सोयरीक येते. कुणी ‘शिकू नको’ असं एकदाही म्हटलेलं नसतं, तरी शिक्षण थांबलेलं असतं.

या अम्मी-अब्बांना मागासलेले म्हणून मोकळं होऊ नका. त्यांची भीती खरी आहे. पण ‘जमाना खराब आहे’ म्हणून बसलं तर काही करता येत नाही. भीती नेमकी कशाची ते विचारलं तर करता येतं. अंधाराची आहे, तर एसटीची वेळ बदलून घेता येते. एकटीने जाण्याची आहे, तर चार मुली मिळून जाऊ शकतात. नाक्यावरच्या टोळक्याची आहे, तर त्या टोळक्याशी बोलता येतं.

अशा साध्या सोयीने किती फरक पडतो, याचा पुरावा आहे. बिहार सरकारने २००६ पासून नववीत दाखल होणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, मुलीमागे २,००० रुपये. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींचं माध्यमिक शाळेतलं दाखल होण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. आणि जिथे शाळा जास्त लांब होती तिथे फायदा जास्त झाला. तिथल्या पालकांचे विचार एका वर्षात बदलले असं नाही. त्यांच्या दारात एक सायकल आली आणि गल्लीतल्या आणखी चार मुली सायकलवर निघालेल्या दिसल्या.

महाराष्ट्रातही सोयी आहेत. अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमात मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी बस आहेत आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली आहेत. पण पास हातात असून बस वेळेवर नसेल तर तो पास दप्तरातच राहतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्याआधी कोरोनाने शाळा बंदच होत्या. ज्या मुली त्या काळात घरी बसल्या, त्यातल्या किती परत आल्या? प्रत्येक गावाने आपल्यापुरता हा हिशेब करायला हवा होता. तो फार थोड्या ठिकाणी झाला.

रस्त्याचा शेवट शाळेच्या फाटकाशी होतो आणि तिथेही मुलगी अडू शकते. २०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकात हिजाबवरून जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. हिजाबबद्दल या सभागृहातच चार मतं असतील. असू देत. घालावा, घालू नये, ज्याचं तिने ठरवावं, यावर आपण सावकाश वाद घालू. माझं म्हणणं त्याआधीचं आहे. त्या दिवसांत फाटकाबाहेर घोषणा देणाऱ्या कुणाचा वर्ग बुडाला नाही, आणि टीव्हीवर बोलणाऱ्या कुणाचा पेपर चुकला नाही. बुडाला तो मुलींचा. रुकय्यांच्या बसमध्ये कापडावरून भांडण झालं तेव्हा आतल्या मुलींचं जे झालं, तेच शंभर वर्षांनी फाटकाशी झालं. म्हणून आपला एक नियम पक्का असू द्या: वाद कुठलाही असो, मुलीचा वर्ग बुडता कामा नये. फाटक बंद करणाऱ्यांनाही हे सांगायचं आणि ‘आता घरीच बस’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांनाही सांगायचं.

इथे जमलेल्या तरुणांशी आता दोन शब्द. भाषण ऐकून घरी जाल, स्टेटस ठेवाल. त्याऐवजी चार कामं सांगते.

पहिलं काम मोजणीचं. पाच वर्षांपूर्वी या शाळेत पाचवीला किती मुली होत्या आणि आज दहावीला त्यातल्या किती बसल्या आहेत? शाळेच्या हजेरीपटावर हे सापडतं. ज्या नाहीत त्या कुठे गेल्या, ते नावानिशी शोधा. काही दुसऱ्या शाळेत गेल्या असतील, त्यांची काळजी नको. उरलेल्यांच्या घरी जा. जाताना मुलींनी जावं, सोबत एखादी मोठी बाई असावी. उपदेश करू नका, अडचण काय ती विचारा.

दुसरं काम एसटीचं. कुठल्या गावातून किती मुली येतात, कुठली गाडी त्यांना सोयीची, याची यादी करा. शाळेचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि आगार व्यवस्थापकाला मे महिन्यातच अर्ज द्या. जूनमध्ये दिलात तर वेळापत्रक लागून गेलेलं असतं. अर्जाची पोच घ्या. पंधरा दिवसांनी परत जा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका गाडीची वेळ बदलली तर पाच गावांतल्या मुली दहावी होतात. ती गाडी सगळ्याच जातीधर्मांच्या मुलींना लागते. तेव्हा अर्जावर सह्याही सगळ्यांच्या घ्या.

तिसरं काम ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी. दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. मुक्त विद्यालय आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. निकाह झालेली, कडेवर मूल असलेली मुलगीसुद्धा परीक्षा देऊ शकते. तिला फॉर्म आणून देणारा, मुदत सांगणारा आणि परीक्षेच्या दिवशी मूल सांभाळणारा कुणीतरी हवा. शेवटच्या कामाला कुणी पुढे येत नाही. तुम्ही या.

चौथं काम मुलांचं. नाक्यावर, बसस्टॉपवर, कट्ट्यावर उभे राहणारे आपलेच असतात. कुणाचे भाऊ, कुणाचे दोस्त. एखादी टिप्पणी, गाडी आडवी घालणं, मोबाइलवर फोटो काढणं, ही तुमच्यासाठी दोन मिनिटांची गंमत असते. त्या मुलीच्या घरी मात्र त्या रात्री दाखला काढायचा ठराव होतो. आपली बहीण शिकावी म्हणून तळमळायचं आणि दुसऱ्याच्या बहिणीचा रस्ता बंद करायचा, हे चालणार नाही. दोस्ताला तोंडावर टोकायला हिंमत लागते. ती हिंमत दाखवा.

बाई, तुम्हाला एक विनंती. पुढच्या वर्षीच्या अहवालात बक्षिसांच्या आधी एक पान जोडा. पाचवीतल्या किती मुली दहावीपर्यंत आल्या, दहावीनंतर कोण अकरावीला, कोण आयटीआयला, कोण नर्सिंगला गेली, आणि कोण घरी आहे. आकडा लहान असला तरी वाचा. रुकय्यांची सुरुवात आठांनीच झाली होती.

आणि मुलींनो, तुम्ही सकाळी तयार होऊन, डबा भरून, दप्तर घेऊन निघता तेव्हा तुम्हाला वाटतं, आपण फक्त शाळेला चाललो आहोत. शेजारच्या घरातली आठ वर्षांची पोर दारात उभी राहून तुम्हाला बघत असते. तुम्ही रोज जाताना दिसता, म्हणून उद्या तिच्या घरी तिला पाठवणं सोपं जाणार आहे. यंदा बक्षीस मिळालं नसेल त्या मुलीनेही हे काम वर्षभर केलेलं आहे. ज्यांनी वर्षभर लांबून येऊन हजेरी भरली, त्या सगळ्या मुलींनी एकदा उभ्या राहा. मघाशी राहिलेल्या टाळ्या आता वाजवू.